खाकी कागदातली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की आजही माझा थरकाप उडतो.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या ह्याच नदीकाठच्या गावात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मला लिहिणारी बाई इथल्या मूळ लोकांपैकी. शाळेची साफसफाई उरकून तिने मला सात वर्षं लिहिलं आणि स्वतःचंच नाव दिलं. वाचनालयात मी दारासमोरच्या ‘जरूर वाचा’ फळीवर असायचे. माझ्यासाठी नंबर लागायचे. माझ्या चाळिसाव्या पानावर चहा सांडलाय, नव्वदाव्यावर माशाचा खवला चिकटलाय. मला त्याची लाज नाही.

मग ती वारली. त्याच आठवड्यात तिची धाकटी बहीण, डल्सी मावशी, खाकी कागद घेऊन आली. तिने माझ्यावरचं बहिणीचं नाव आणि फोटो झाकला, मला खालच्या फळीवर ठेवलं. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चेहरा बघत नाहीत, घरचे सांगेपर्यंत. गावाला हे ठाऊक होतं. म्हणून चार वर्षं मला कोणी हात लावला नाही.

शहरातून नव्याने आलेल्या ग्रंथपालाला, कॅलमला, ते ठाऊक नव्हतं. चार वर्षांत एकदाही बाहेर गेलेली नाही, एवढंच त्याला संगणकावर दिसलं. त्याने मला रद्दीच्या खोक्यात टाकलं. शुक्रवारी रद्दीचा लगदा करणाऱ्यांची गाडी यायची होती. मी भीतीने अर्धमेली झाले. पुस्तकाला पळता येत नाही, ओरडताही येत नाही.

शुक्रवारी दुपारी मावशी मासिक बदलायला आली आणि रिकाम्या जागेपाशी थबकली.

“इथलं पुस्तक कुठंय रे?”

“नाव सांगा, बघतो.”

“नाव नाही घ्यायचं.”

“बरं, लिहिलंय कोणी?”

“तेच तर नाही घ्यायचं, बाळा.”

“अहो मावशी, वाचनालय आहे हे. बिननावाचं कसं शोधू?”

बाहेर गाडी थांबली. ड्रायव्हर आत आला आणि त्याने माझं खोकं उचललं. मावशीचे ओठ हलले. ते नाव तिच्या जिभेवर आलं होतं, मला दिसत होतं. तिने ते गिळलं.

“माझ्या बहिणीचं आहे,” ती कशीबशी म्हणाली. “खाकी कागदातलं.”

कॅलमचा चेहरा उतरला. तो ड्रायव्हरमागे धावला आणि खोक्यातून मला काढून घेऊन आला.

“चुकलं माझं, मावशी. वाचायला नेताय?”

“अजून नाही वाचायचं. नुसतं माझ्या कार्डावर चढव.”

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी ती येते, मला पुन्हा आपल्या कार्डावर चढवून घेते. मित्रांनो, एखादं पुस्तक कोणी नेत नसेल, तर टाकण्याआधी गावातल्या एखाद्याला विचारा.

त्या शुक्रवारी मला तिने छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की कागद कोपऱ्यात फाटला आणि बहिणीचा एक डोळा उघडा पडला. मावशीने न बघता त्यावर अंगठा ठेवला. घर येईपर्यंत तो काढला नाही.