तीन वह्या आणि माझी गाठ

मी एक सागवानी फासा. लोणावळ्यात केरबांच्या घरी, कोनाड्यात चहाच्या डब्यामागे माझा मुक्काम असतो. माझ्यामुळे एकेचाळीस माणसं, नऊ राक्षस आणि एक वेताळ मेले.

केरबा रेल्वेत सुतार. १९६८ साली बाकाच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला तासलं. माझ्या एका अंगाला लाकडाची गाठ होती, गोल आणि काळीभोर. केरबांनी तिलाच एकाचा ठिपका केलं. बाकीचे वीस तेवढे कोरावे लागले. पुढे ते आल्यागेल्याला मला दाखवत. "साच्यातनं काढल्यावानी झालाय बगा," म्हणत.

खेळही त्यांनीच रचला, राक्षसगड नावाचा. प्रत्येकाने एक शिलेदार घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि गड चढायचा. राक्षसांच्या बाजूने केरबा फासा टाकत. त्यांची बायको शालूबाई तांदूळ निवडता निवडता खेळायच्या. दर रविवारी दुपारी कार्ल्याहून भिमाजी येत. त्यांच्या शिलेदाराचं नाव मारुती. खरा मारुती म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आदल्या पावसाळ्यात पवनेच्या पुरात वाहून गेलेला. त्याबद्दल कोणी बोलत नसे. भिमाजी फक्त म्हणत, "मारुती म्होरं जातो."

केरबा खेळाचे नियम वहीत लिहीत. पहिल्या वहीत लढाईचा नियम एका ओळीचा होता: सहा पडला की समोरचा मेला. आणि मला सहाच पडायची खोड! जो आधी फासा टाकी तो जिंके. मारुती नेहमी पुढे, म्हणून तो जगला. बाकीचे चहा व्हायच्या आत मरत.

केरबांनी दुसरी वही घातली. तिच्यात माणूस चार घावांनी मरायचा, पण पहिली पाळी राक्षसाची आणि सहा पडला की एक घाव आणि पुन्हा पाळी. हा सुधारलेला नियम आहे, असं त्यांनी वर लाल शाईने लिहिलं होतं. पहिल्याच रविवारी मी ओळीने चार सहा पाडले. मारुती पडला.

"पयल्या वहीत जगला असता, केरबाभाऊ."

"आता दुसरी चालू हाय, भिमाजी."

भिमाजींनी टोपी घातली आणि ते गेले. पाच रविवार आले नाहीत. केरबा एकटेच दोन्ही बाजूंनी खेळून बघत, पण त्यात काही राम नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मग तिसरी वही झाली: सोबत्याने आपली पाळी सोडली, तर पडलेला उठतो. ती आणि मला खिशात घालून केरबा कार्ल्याला गेले. भिमाजी भातखाचरात होते. त्यांनी वाचून घेतलं.

"नियम आज झाला, मारुती आदी मेलाय. मागल्याला नवा नियम कसा लागंल?" एवढं बोलून ते कामाला लागले.

केरबा वाकून रुतलेल्या चपला काढायला गेले आणि मी खिशातून चिखलात पडलो. घरी शालूबाईंनी मला धुवायला पाण्याच्या वाटीत टाकलं. मी तरंगलो, सहा वर. त्यांनी बोटाने उलटवलं. पुन्हा सहा वर. दहादा उलटवलं, दहादा सहा.

"अवो, हितं या. वह्या काय बदलताय? फासाच खोटा हाय. ही गाठ जड हाय, ती खाली जाती आन् समोरचा सहा वर येतो."

केरबांनी मला वाटीतून उचललं. समोर चूल पेटलेली होती. मला तिच्यात टाकलं असतं तर सुताराची अब्रू राहिली असती, आणि मारुती मात्र मेलेलाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी ते वाटी घेऊन कार्ल्याला गेले. बांधावर मला पाण्यात सोडलं.

"माझ्या हातचं काम खोटं निघालं, भिमाजी. खोट्या फाशाचा घाव धरायचा न्हाई. एक बी न्हाई."

भिमाजींनी मला स्वतः उलटवून पाहिलं. सहा.

"मंजी मारुती..."

"गडाच्या दारात हुबा हाय. धडधाकट."

भिमाजींनी उपरण्याने तोंड पुसलं. खूप वेळ पुसलं. मग म्हणाले, "रविवारी येतो."

त्याच न्यायाने बाकीची माणसं, नऊ राक्षस आणि वेताळही उठले. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

आता नवा फासा आहे, शिसवी, बिनगाठीचा. त्याला सहा क्वचित पडतो. खोटं ठरणं मला जड गेलं, लपवत नाही. पण मी खरा ठरलो असतो तर काय झालं असतं, हे आठवलं की बरं वाटतं. तुम्ही कधी रविवारी केरबांकडे आलात, तर तेवढा चहाचा डबा बाजूला सरकवा. मारुती कुठवर पोचला ते मला बघायचंय. इथून फक्त भिमाजींचा आवाज येतो, "मारुती म्होरं जातो."