मापाचा कोट

तिने घड्याळवाल्याच्या खांद्यावर टेप ठेवली आणि लगेच उचलली.

"माप तू घे," ती नवऱ्याला म्हणाली.

दोघांच्या शिंपीकामाच्या दुकानात हे वाक्य म्हणजे नवरा-बायकोचा ठरलेला इशारा होता. लग्नाआधीच तिने सांगून टाकलं होतं, मला बायकाही आवडतात आणि पुरुषही, पुढे उगाच डोक्याला ताप नको. त्याने चहा संपवला आणि तो म्हणाला, "मग कोणी आवडलं की माप मी घेईन." तेवढ्यावर संसार सुरळीत चालला. बायकांत तिला खळखळून हसणारी आवडायची, पुरुषांत मात्र जीव जडायचा तो घुम्या माणसांवर. असं का, ते तिलाही कधी उमगलं नाही. घुमं गिऱ्हाईक दारात दिसलं की नवरा आधीच टेप गळ्यात घालायचा आणि मग दिवसभर तिची टर उडवायचा. त्या थट्टेचा तिला केवढा आधार होता.

समोरच्या फुटपाथवरचा हा घड्याळवाला तर घुम्यांचा राजा. भाचीच्या लग्नासाठी कोट शिवायला आला होता आणि हात पसरून उभा होता.

नवरा कात्री पुसत राहिला.

"ऐकलंस का? माप."

"आज तूच घे."

"अरे, मी म्हणतेय ना, तू घे."

"कळलं गं मला." त्याने मान वर केली नाही. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिला वाटलं, वैतागला. कधीतरी वैतागणारच. मग तिला त्याचे लालबुंद कान दिसले. चांगलं चालणारं घड्याळ नवरा सारखा समोर दुरुस्तीला का नेतो, हेही आत्ताच कळलं. आजवर मनात भरलेलं प्रत्येक माणूस तिने बिनघोर त्याच्या हाती सोपवलं होतं, आणि त्याचं काय, हे कधी विचारलंच नव्हतं.

"कोणीतरी घ्या," घड्याळवाला म्हणाला. "हात भरून आले."

"अंगातला कोट ठेवून जा," ती म्हणाली. "त्यावरून घेतो."

जुन्या कपड्यावरून माप घेणं नवऱ्याला मुळीच खपत नसे. आज त्यानेच खुंटी दाखवली. घड्याळवाल्याने कोट खुंटीला अडकवला आणि नुसत्या शर्टावर रस्ता ओलांडून गेला. तो आपल्या स्टुलावर बसेपर्यंत दोघंही काचेतून बघत होती.

"कधीपासून?"

"मला तरी कुठे माहीत होतं. मी तर तुझीच थट्टा करायचो."

आता थट्टा करायची पाळी तिची होती. तिने हातातली टेप टेबलावर ठेवली.

दुकान बंद करायची वेळ झाली. कोट खुंटीवरच होता, टेप दोघांच्या मधे टेबलावर.

"उद्या घेऊ माप," तो म्हणाला.

"कोण घेणार?"

त्याने खुंटीकडे पाहिलं आणि दिवा मालवला.