मंगळवारी अकराला वाजणारे फोन

पंचवटीतल्या त्या बोळात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. लग्न न जुळलेल्या मुलामुलींचे आईबाप दूतमहाराजांच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसत. समोर पाटावर सगळ्यांचे फोन. महाराज डोळे मिटून म्हणत, "राहूनं रेंज अडवलीय. आता दूत सोडतो." अकरा वाजले की पाटावरचे सगळे फोन एकदम वाजत. प्रत्येकात लग्न जुळवणाऱ्या एकाच वेबसाइटचा ईमेल : तुमचं स्थळ इतक्या जणांनी पाहिलं. बायका पदर डोळ्यांना लावत.

योगिनीची आई चतुराबाई त्यांतलीच. महाराजांचा नियम कडक होता : सोमवार-मंगळवार अन्न नाही, औषधही नाही. आईला मधुमेह. योगिनी शाळेत संगणक शिकवायची. अख्खा वर्ग गप्प बसवणारी ही बाई आईपुढे मात्र हरायची. तिनं समजावलं, डॉक्टरांकडून सांगवलं, एकदा रडलीसुद्धा. आई एवढंच म्हणे, "तुझं जुळू दे, मग रोज घेईन गोळ्या."

एका मंगळवारी आई महाराजांच्या दारातच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाइन चालू असताना योगिनीनं तिचा फोन उघडला आणि तो ईमेल पार शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरात होतं : हा ईमेल आपोआप पाठवला आहे, बंद करायचा किंवा वेळ बदलायची असल्यास इथे दाबा. तिनं दाबलं. तीन पर्याय आले : 'रोज', 'आठवड्यातून एकदा - मंगळवारी सकाळी अकरा' आणि 'नको'. खूण मधल्यावर होती.

"आई, ही खूण तू केलीस?"

"मला कुठलं येतंय? महाराजांचा चेला सनी पहिल्या दिवशी फोन आत घेऊन गेला होता. भस्म लावायला."

महाराजांच्या खोलीतून सोबत आलेल्या नवसाबाईंच्या फोनातही तीच खूण निघाली. योगिनीनं आईच्या फोनात 'रोज' निवडलं. बुधवारी आईनं पोहे खाल्ले, गोळी घेतली, आणि फोन वाजला. गुरुवारीही वाजला.

पुढच्या मंगळवारी योगिनीनं हे सगळं त्या खोलीत जाऊन सांगितलं, आईचा फोन उघडून दाखवला. महाराज हसले. मागून एक बाई म्हणाली, "अगं, अशी शंका काढतेस म्हणून तर तुझं जुळत नाही." कोणी आपला फोन पुढे केला नाही. अकरा वाजले. सगळे फोन वाजले. हात जोडले गेले.

ती घरी आली. आई दारातच बसली होती. सगळं ऐकून घेतलं, मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझ्या उपासानं काहीच होत नव्हतं. मग मी तुझ्यासाठी करू तरी काय, योगिनी?"

योगिनीनं दोन ताटं वाढली. "माझ्यासोबत जेव, आई. एवढं कर."

मुलांनो, यंत्र ठरल्या वेळी वाजतं, कारण ती वेळ कुणीतरी लावलेली असते. कुणी लावली आणि कशासाठी, हे विचारणं म्हणजे देवाचा अपमान नव्हे. आपण विचारलं नाही, तर आपलंच माणूस उपाशी राहतं.