नकाशात नसलेली झाडं

नोटीस आली तेव्हा नकाशेसाहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दुपारचं जेवण उरकत होते. बायको गेल्यापासून गेली तीन वर्षं ते जेवण उरकतच होते. ताट एक, वाटी एक आणि बोलायला समोरची भिंत.

'आपल्या मालकीच्या जागेत बेसुमार रान माजले असून शेजारच्या घरास आगीचा धोका निर्माण झाला आहे. पंधरा दिवसांत जागा साफ करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' खाली सही आणि शिक्का. नकाशेसाहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. सरकारी कागदाचा ते फार मान राखत. चौतीस वर्षं भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती त्यांची. नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना नकाशेसाहेबच म्हणू लागले.

जागा होती शहराबाहेर, एक एकर. हौसेची शेती म्हणतात ना, तशी. हौस बायकोची, कागद यांच्या नावावर. दर शनिवारी दोघं बसने जात. ती दिवसभर मातीत, आणि हे पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत. जागा घेतली त्याच महिन्यात त्यांनी तिचा सुरेख नकाशा काढला होता. विहीर, शेड, पायवाट, पाच जुनी झाडं, हद्दीचे दगड, सगळं मापात. त्यानंतर आणखी काही पाहायची गरज त्यांना कधी वाटली नाही. नकाशा आहे म्हणजे जागा ठाऊक आहे, असा त्यांचा हिशेब.

बायको गेली आणि त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

दर रविवारी लेकीचा फोन येई, सातासमुद्रापलीकडून. नोटिशीचं कळल्यावर ती म्हणाली, "बाबा, या वयात कशाला हे लचांड? साफ करून घ्या आणि विकून मोकळे व्हा."

"बघतो," ते म्हणाले.

"जेवता ना वेळेवर?"

"हो."

एवढ्यावर फोन संपला.

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि एकेकाला फोन लावायला घेतले. बुलडोझरवाला म्हणाला, दोन दिवसांत तळहातासारखी सपाट करून देतो. फवारणीवाला म्हणाला, औषध मारतो, पंधरवड्यात सगळं वाळेल, तोवर विहिरीचं पाणी मात्र पिऊ नका. मजूर लावणाऱ्याने महिना मागितला. एका बाईंनी शेळ्या सोडायची तयारी दाखवली, तेव्हा नकाशेसाहेबांना हसूच आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, म्हणून जरा चमत्कारिक वाटलं.

प्रत्येकाला त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. "मला तिथे यावं लागेल का?"

सगळे म्हणाले, यावं लागेल. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, मालकाने दाखवायला नको? फक्त एकजण म्हणाला, "अजिबात नाही साहेब! फाटकाची चावी पाठवा. सकाळी आठला काडी, बाराला मैदान. इकडे सगळे असंच करतात."

नकाशेसाहेबांनी त्यालाच काम दिलं.

वाचकहो, त्यांना हसू नका. ती शेड, तिच्यातली ती एक खुर्ची आणि समोर कुणीच नाही, हे पाहायचं बळ त्यांच्यात नव्हतं. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी एक एकर जमीन पेटवायला निघाला होता हा सज्जन माणूस!

पण काडी लावायच्या आदल्या संध्याकाळी त्या ठेकेदाराचा फोन आला. "साहेब, रानात हद्दीचे दगड दिसत नाहीत. तेवढे येऊन दाखवा, नाहीतर शेजारच्यात काडी लागायची."

आता हद्दीचा प्रश्न निघाल्यावर नकाशेसाहेब घरी बसतात होय? गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने ते निघाले. काखेत नकाशाची सुरळी.

फाटकापाशी उतरले आणि क्षणभर आपण चुकीच्या थांब्यावर उतरलो की काय असं त्यांना वाटलं. पायवाट नव्हती. शेड वेलींखाली गडप झाली होती. डोक्याएवढं वाळलेलं गवत, त्यात घाणेरीची जाळी, सगळीकडे काटे. नकाशातलं काही म्हणता काही जागेवर नव्हतं.

ठेकेदार दोन माणसं आणि रॉकेलचा डबा घेऊन हजर होता. तेवढ्यात शेजारच्या बैठ्या घरातून एक सत्तरीच्या बाई तरातरा आल्या. पांढरा पदर कमरेला खोचलेला. चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या आणि सगळे त्यांना अजूनही सिस्टर म्हणत. नकाशेसाहेबांची त्यांच्याशी ओळख नमस्कारापुरती. गप्पा व्हायच्या त्या त्यांच्या बायकोशी.

"आलात एकदाचे!" सिस्टर म्हणाल्या. "तक्रार मीच केली बरं का. आधीच सांगून टाकते."

"तुम्ही? अहो, एक फोन करायचा!"

"तीन पत्रं टाकली. उत्तर आलं का एकाचं तरी?"

बायको गेल्यावर आलेली सांत्वनाची पत्रं आणि बाकी सगळं टपाल नकाशेसाहेबांनी न फोडताच एका खोक्यात टाकलं होतं.

"शेवटी वहिनींचं बोलणं आठवलं. त्या म्हणायच्या, सरकारी कागद आल्याशिवाय हे खुर्चीतून उठत नाहीत. म्हटलं, चला, तोच पाठवू." बोलता बोलता सिस्टरांची नजर रॉकेलच्या डब्यावर गेली आणि चेहरा बदलला. "हे काय? जाळणार आहात?"

"सगळे असंच करतात," नकाशेसाहेब म्हणाले. वाक्य ठेकेदाराचं, पण वेळेला उपयोगी पडलं.

"सगळे करतात म्हणून तर दर वर्षी महिनाभर इथे धूर असतो! लहान मुलं खोकत असतात, म्हाताऱ्यांना दम लागतो. माझ्या हाताखालून गेलेत असे पेशंट. आणि गवत जळेल हो, पण घाणेरी? ती मुळातून दुप्पट जोमाने फुटते. पुढच्या वर्षी पुन्हा काडी लावाल?"

"पुढच्या वर्षी जागा माझी नसेल."

"मग दुसऱ्याच्या गळ्यात घालाल." सिस्टरांनी आवाज खाली आणला. "अहो, जखम साफ करायची तरी आधी उजेडात नीट बघावी लागते. काय सडलंय, काय जिवंत आहे. न बघता सरसकट कापत सुटणाऱ्याला आम्ही हात धरून बाहेर काढायचो. आत वहिनींची झाडं आहेत, साहेब."

"माझी झाडं मला माहीत आहेत. पाच. विहिरीपाशी तीन, शेडमागे दोन." त्यांनी नकाशा उलगडला. "या बाजूला काहीही नाही. हे बघा, रिकामं आहे."

"कधीचा आहे हा नकाशा?"

याचं उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मागे चर्रर्र असा आवाज झाला. बोलणी लांबलेली पाहून ठेकेदाराच्या माणसाने कोपऱ्यातलं मूठभर गवत पेटवून पाहिलं होतं. नुसतं बघायला, किती पेट घेतंय ते!

मूठभर गवताचा पुरुषभर जाळ झाला. वारा नेमका सिस्टरांच्या घराकडे वळला. "पोती!" सिस्टर ओरडल्या. "माझ्या अंगणातल्या हौदात भिजवा आणि झोडपा!" अडुसष्ट वर्षांचे नकाशेसाहेब धावले. तीन वर्षांत ते जिन्यावरूनसुद्धा धावले नव्हते. ओलं पोतं डोक्यावर उचलून ते जाळावर आपटत होते, खोकत होते, पुन्हा आपटत होते. नकाशा कुठे पडला याचं त्यांना भान नव्हतं. ठेकेदार आणि त्याची माणसंही आता घाबरून पाणी मारू लागली. कुंपणापासून चार हातांवर आग विझली.

काळ्या पडलेल्या जमिनीतून धूर निघत होता. आणि मधोमध एक रोप उभं होतं. कमरेएवढं, पानं करपलेली, साल तडकलेली. त्याला आधाराची काठी होती, आणि काठीला तारेने बांधलेला पत्र्याचा एक तुकडा. नकाशेसाहेबांनी बोटाने काजळी पुसली. खिळ्याने कोरलेलं अक्षर बायकोचं होतं. 'लिंबू, १.'

"एक?" ते म्हणाले. "म्हणजे दोन आहे?"

"सगळी मिळून सहा झाडं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "पाच राहिली असतील."

त्यांनी घरातून दोन कोयते आणले. एकेक पाऊल टाकत, वेली तोडत दोघं आत शिरले. बारा पावलांवर दुसरं लिंबू सापडलं, वेलींनी गळा आवळलेलं, पण हिरवं. पुढे तिसरं. मग अंजीर, डाळिंब आणि पुन्हा अंजीर. रानाखाली गुदमरत होती, पण सगळी जिवंत होती. सहावं झाड मोकळं करून नकाशेसाहेबांनी मागे वळून पाहिलं. ओळ सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी.

"दोरी मी धरली होती," सिस्टर म्हणाल्या. "दोनदा उकरून पुन्हा लावायला लावली मला. म्हणाल्या, यांना वाकडी ओळ दिसली की जेवण जात नाही."

"मला का नाही बोलावलं तिने?"

"बोलावलं होतं. इथूनच हाक मारली. तुम्ही शेडमधून म्हणालात, आलोच."

नकाशेसाहेब तिथेच, काट्यांत, मटकन खाली बसले. बायको गेली त्या दिवशी चारचौघांत ते रडले नव्हते, नंतर घरी एकटे असताना रडून काय करायचं म्हणून रडले नव्हते. ते आता रडले. दहा पावलांवर ती होती आणि आपण पेपर वाचत बसलो! दोन वर्षं दर शनिवारी इथे येऊन आपण तिच्याबरोबर एकदाही इथवर चालत आलो नाही! सिस्टरांनी समजूत घातली नाही. शेजारी बसून हातातला कोयता बाजूला ठेवला, आणि त्यांचं होईपर्यंत बसून राहिल्या.

ठेकेदाराला त्याच दिवशी परत पाठवलं. "माणसांना शब्दाची किंमत राहिली नाही," असं पुटपुटत तो गेला. मग नकाशेसाहेब आणि सिस्टर यांनी तीन दिवस सकाळी जागा पायांनी पालथी घातली. जे ठेवायचं त्याला जुन्या चादरीची चिंधी बांधली. सिस्टरांच्या कुंपणालगतचा पट्टा आधी मजुरांकडून कापून घेतला, आणि कापलेलं गवत आतल्या झाडांच्या बुंध्याशी पसरलं. नोटिशीचं त्यामुळे भागलं. झाडांना जाळीचं कुंपण करून मोकळ्या भागात शेळ्या सोडल्या. शेळ्यांच्या बाईंनी घाणेरी मात्र आधी काढायला लावली, कारण ती पोटात गेली तर शेळी आजारी पडते. घाणेरी माती ओली करून मुळासकट उपटायची, दुसरा इलाज नाही. ते काम नकाशेसाहेबांनी स्वतःकडे घेतलं. रोज चार हात जागा मोकळी होते. अजून निम्मंही झालेलं नाही.

एकटेपणा गेला असं मी सांगणार नाही, खोटं ठरेल. घरी ताट एकच असतं. पहिल्या लिंबाच्या काळ्या बुंध्यापाशी ते रोज थांबतात, आणि रोज त्यांना वाईट वाटतं. पण लेकीला त्यांनी सांगितलं, "विकत नाही. तुझ्या आईची ओळख अजून पुरी झाली नाही मला." आणि त्या दिवशी फोन लवकर संपला नाही.

नागरिकहो, माजलेली जमीन एकट्या मालकाची नसते. तिची ठिणगी शेजाऱ्याच्या छपरावर पडते, तिचा धूर साऱ्या वस्तीच्या छातीत जातो. म्हणून ती साफ ठेवा. पण काडी लावून नव्हे आणि घरबसल्या फोनवरून नव्हे. आधी आत शिरा, जाणत्या माणसाला बरोबर घ्या, काय वाचवायचं ते पाहा, मगच हत्यार उचला. यंत्र, शेळ्या, कोयता, ज्याची जिथे गरज तिथे ते लावा. उशीर लागेल, लागू द्या.

आणि आज घरातून, अंगणातून, शेजारच्या खोलीतून तुम्हाला कुणी हाक मारली, तर हातातलं खाली ठेवून उठा आणि जा!