आता बरं की आधी बरं

चष्मेकाकांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की ते 'या, बसा' म्हणत नसत. आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेत, काचांवर फवारा मारत, पिवळ्या फडक्याने पुसत, उजेडात धरून बघत आणि मग ज्याचा चष्मा त्याच्या नाकावर ठेवून विचारत, "हं, काय काम काढलंत?" गिऱ्हाईक बिचारं तोवर खुर्ची चाचपडत असे. काचेवर डाग दिसला की काकांच्या हातांना चैनच पडत नसे. काकू म्हणत, यांच्या हाती चंद्र दिला तर तोसुद्धा पुसून ठेवतील. त्या हे थट्टेने म्हणत, पण पुढे जे झालं ते पाहता त्यांची जीभ काळी आहे असंच म्हणावं लागेल.

काकांना एकच गिऱ्हाईक पुरून उरलं होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताईंनी टेलिफोन खात्यात जन्म काढला होता. रोज शेकडो माणसांना 'हो की नाही ते सांगा' म्हणून दरडावणारी ही बाई डोळे तपासायच्या खुर्चीत बसली की मात्र स्वतः धड उत्तर देत नसे. काका एक भिंग लावत, मग दुसरं लावत आणि विचारत, आता बरं की आधी बरं? ताई शांतपणे म्हणत, दोन्ही सारखंच. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. काका चिडत, ताई हसत, आणि शेवटी काका अंदाजानेच नंबर काढत. तो बरोबर निघे, हा भाग वेगळा.

यंदा मात्र नंबर निघालाच नाही. ताईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की याला चष्म्याचा उपयोग नाही, आणि डावा डोळाही हळूहळू त्याच वाटेने जाईल. वर्षभर म्हणा, फार तर दोन वर्षं. अख्ख्या गल्लीला चष्मे लावणारा माणूस सख्ख्या बहिणीसाठी काही म्हणजे काही करू शकत नव्हता. त्या दिवशी काकांनी दुकानातला एकच आरसा चार वेळा पुसला.

ताईंनी मात्र रडगाणं गायलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "शनीचं कडं तेवढं बघायचं राहिलं बघ." लहानपणी गच्चीवर झोपताना ताईच धाकट्या भावाला तारे दाखवत. तो न लुकलुकणारा पिवळसर ठिपका दिसतोय ना, तो शनी, त्याला कडं असतं, पुस्तकात चित्र आहे. कडं खरोखरचं बघायला दुर्बीण लागते आणि दुर्बीण काही आपल्या घरात नाही, इथे ती गोष्ट संपत असे.

गोष्ट पुढे न्यायची असं काकांनी ठरवलं. त्यांच्या गिऱ्हाइकांत दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळल्या की संध्याकाळी आकाशात बघत. त्यांनी सल्ला दिला, आधी साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीने महिनाभर चंद्र-तारे ओळखायला शिका, मग मोठीच्या मागे लागा. काकांना महिनाभर धीर कुठला? आठवड्यात मोठी दुर्बीण दारात हजर झाली. नळकांड्याच्या तळाशी वाटीसारखा आरसा, वरच्या बाजूला डोळा लावायचा आयपीस आणि खाली फिरती लाकडी बैठक. काकू म्हणाल्या, "लोक शनी टळावा म्हणून धडपडतात आणि तुम्ही त्याला हुडकत निघालात."

पहिल्या संध्याकाळी काकांनी बंद खिडकीच्या काचेतून आकाश पाहिलं. त्यांना स्वतःच्याच दिव्याची दोन प्रतिबिंबं दिसली. दुसऱ्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले, सगळ्यात जास्त मोठं दाखवणारा आयपीस लावला आणि काळोखात काळोख शोधत बसले. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी उलटी दिसली, तेव्हा त्यांनी थेट डॉक्टरीणबाईंना फोन लावून सांगितलं की माल सदोष आहे. पलीकडे बाई बराच वेळ हसत होत्या. आकाशात उलटं काय आणि सुलटं काय, त्या म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावलं: सुरुवात नेहमी कमी शक्तीच्या आयपीसने करा, आणि नळकांड्यावर ती छोटी दुर्बीण आहे ना, नेम धरायची, ती दिवसाउजेडी त्या टाकीच्या टोकावर जुळवून घ्या, म्हणजे रात्री नेम चुकणार नाही. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, आरशाला मात्र हात लावू नका. काका म्हणाले, छे हो, काचेबद्दल तुम्ही मला काय सांगता!

हेच तर नडलं. शनिवारी ताई येणार होत्या. दुपारी नेम जुळवून झाला, टाकीचं टोक दोन्हीकडे बरोबर मधोमध आलं, आणि काकांनी समाधानाने नळकांड्यात डोकावलं. तळाच्या आरशावर धूळ होती. तीही अशी तशी नव्हे, मधोमध एक ठसठशीत कण बसलेला. काका उठले, खाली बसले, पुन्हा उठले. शेवटी त्यांनी पडद्याची लांब दांडी आणली, टोकाला पिवळं फडकं गुंडाळलं, फवारा मारला आणि कंदिलाची काच पुसावी तसं आत हात घालून दोन-चार वेढे दिले. चष्म्याची काच असती तर लखलखली असती. पण घरच्या आरशाची चकाकी काचेच्या मागे असते आणि ह्या आरशाची पुढे, उघड्यावर. काकांनी टॉर्च मारला तेव्हा आरशावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरखड्यांची कमान उमटली होती.

काका मटकन गच्चीच्या पायरीवर बसले. ज्या माणसाने एवढाल्या ओरखड्यासाठी लोकांना चष्मे बदलायला लावले, त्याने स्वतःच्या हाताने हे करून ठेवलं होतं. त्यांना स्वतःचा असा राग आला की दांडी मोडावीशी वाटली. काकूंनी येऊन पाहिलं आणि, नवल म्हणजे, टोमणा न मारता त्यांच्या हातातली दांडी काढून घेतली.

दिवेलागणीला ताई आल्या त्या सरळ गच्चीवरच आल्या. काकांनी आभाळाचं निमित्त करून पाहिलं, पण आभाळ बोट ठेवायलाही ढग देईना. पूर्वेला इमारतींच्या वर तो पिवळसर ठिपका, न लुकलुकता, हजर होता. मग काकांनी मान खाली घालून खरं ते सांगून टाकलं. आरशावर ओरखडे पडलेत, मीच पाडलेत, आता काही दिसेलसं वाटत नाही, नवा आरसा येईपर्यंत थांबू.

"किती दिवस थांबू?" ताईंनी विचारलं.

काका पिवळं फडकं हातात चुरगळत राहिले.

"अरे धाकट्या, माझ्या डोळ्याच्या मधोमध भोक पडलंय, तरी तुझं रडकं तोंड मला दिसतंय ना? तसं ते यंत्रही बघेल कसंबसं. लाव."

काकांनी मुकाट्याने लावलं. कमी शक्तीचा आयपीस बसवला, छोट्या दुर्बिणीतून नेम धरला. दुपारची मेहनत फुकट गेली नव्हती. ठिपका पहिल्याच फटक्यात मधोमध आला. ताई स्टुलावर बसल्या, सवयीने उजवा डोळा पुढे केला, थबकल्या आणि डावा लावला. काकांनी चित्र स्पष्ट करायची चकती हळूच फिरवली. तोंडातून सवयीचंच वाक्य गेलं, "आता बरं की आधी बरं?"

काकांनी आणखी केसभर फिरवली. "आता?"

"थांब. हात लावू नकोस."

गच्चीवर कोणी हललं नाही. काकूंनी हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा खाली ठेवला नाही. मग ताई हसायला लागल्या, अगदी लहान मुलीसारख्या, खांदे हलवत. "कडं आहे रे," त्या म्हणाल्या. "खरंच आहे. एवढंसं आहे, पण चित्रातल्यासारखं अधांतरी उभं आहे." ठिपका सरकत बाहेर गेला की काका नळकांडं जरासं ढकलत, आणि ताई 'आला आला' म्हणत. असं किती वेळा झालं कोण जाणे. जेवण निवलं ते निवलंच.

"ओरखडे कुठे दिसतात मग?" काकांनी शेवटी भीत भीत विचारलं.

"मला तर एकही दिसला नाही. तूच बघ." ताई उठल्या आणि उठता उठता, भाजी निवडून झाली असं सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, "आता डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो. मी पाहून ठेवलंय."

काका स्टुलावर बसले आणि आयपीसला डोळा लावला. समोर सगळं पाणीच पाणी. त्यात कुठेतरी एक पिवळा डाग पोहत होता; ना कडं, ना ओरखडा. ताईंनी शेजारून चकतीवर हात ठेवला आणि ती इकडून तिकडे फिरवली.

"आता बरं की आधी बरं?"

काकांनी डोळा काढला नाही, पुसलाही नाही. "दोन्ही सारखंच," ते म्हणाले.