इफ, बट आणि आमची अमू

माझा मुलगा चिराग माझ्याशी खोटं बोलतो, हे मला कळलं ते त्याच्या बोलण्याच्या लांबीवरून. मी फोनवर नातीला सांगायचे, "अमू, बाय माझी, काल कोलंबीचं कालवण केलेलं, पण तुझी आठवण आली आणि घास काही घशाखाली उतरेना." एवढं सगळं. आणि हा शहाणा तिला सांगणार, "आजी सेज हॅलो." मेल्या, एवढ्या बोलण्याचं नुसतं हॅलो होतं होय रे? तिकडून ती पोर कितीतरी वेळ चिवचिव करणार आणि हा मला म्हणणार, "ती मजेत आहे, आई."

आम्ही ठाण्याचे, चेंदणी कोळीवाड्यातले. चिराग राहतो ऑकलंडला, बायको वर्षाली आणि सात वर्षांची अमृता. पोर शाळेत मागे पडायला नको म्हणून दोघं घरातही तिच्याशी इंग्रजीच बोलतात. वर्षालीची आई डोंबिवलीला, कोपरला असते. बँकेतून रिटायर झालेली, फाडफाड इंग्रजी. तिच्याशी अमू तासभर गप्पा मारते. माझ्याशी बोलायचं तर मधे चिराग. स्वतःच्या नातीशी बोलायला दलाल! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

अमू तीन वर्षांची असताना आलेली. घरात पाऊल टाकलं आणि मासळीच्या वासाने नाक दाबून जी रडायला लागली, ती माझ्या मांडीवर बसेचना. मी बाजार बंद ठेवला, चंदनाच्या साबणाने अंग घासून घासून लाल केलं. तरी नाही. निघताना कोपरच्या आजीच्या गळ्यात पडली आणि मला लांबून हात हलवला. ती मांडी अजून रिकामीच आहे. बाजारातून येऊन दारात बसते ना, तेव्हा कोणाचीही पोर खेळत आली तर वाटतं, उचलून घ्यावी.

यंदा डिसेंबरात यायचं जवळजवळ ठरलेलं. चिराग तिकिटाचं बोलत होता, आणि मागून तिचा आवाज आला, "आय डोन्ट वॉन्ट टू!" चिराग गडबडीने म्हणाला, "आई, तिचा पोहण्याचा कॅम्प आहे गं. पुढच्या वर्षी बघू." डोन्ट वॉन्ट एवढं तर मला कळतं. जन्म गेला नौपाड्यात मासे विकण्यात, अर्धी गिऱ्हाइकं तेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मेघना मॅडम आल्या माझ्याकडे मांदेली घ्यायला. त्या बाजाराच्याच गल्लीत राहतात, पोरांना घरी इंग्रजी शिकवतात. मी मांदेली साफ करता करता म्हटलं, "मॅडम, मला नातीशी बोलायचंय. मीच. मधे कोणी नको."

"पण मावशी, तुम्हाला येतात की शब्द. फिश, राइस, कम, गो, सगळं तर बोलता."

"सुटे सुटे येतात गो. एकमेकांना धरत नाहीत."

मॅडम हसल्या. "मग धरणारे शब्द शिकू. अँड, बट, बिकॉज, इफ, देन, अनटिल. दिसतात एवढेसे, पण तेच सगळी मोट बांधतात."

मग रोज माशांची पाटी रिकामी झाली की मी लिंबाने हात धुऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. त्या चहा ठेवायच्या आणि मला दिवसभराचं इंग्रजीत सांगायला लावायच्या. "आय गो मार्केट. फिश गुड. नो कस्टमर." मॅडम म्हणायच्या, "का नाही कस्टमर?" "बिकॉज संकष्टी." "मग फेकलेत का मासे?" "नो! सो आय पुट आइस अँड वेट अनटिल टुमारो." बोलले आणि मीच चाट पडले. आख्खं वाक्य, माझ्या तोंडून!

एकदा मी जोर लावून म्हटलं, "ऑल्दो यू आर फार, बट यू आर माइन." मॅडम म्हणाल्या, "ऑल्दो आला की पुढे बट नको, मावशी."

"का बरं? आपल्याकडे जरी आला की तरी येतोच. माझं माहेर अर्नाळ्याचं. तिकडे बोंबील वाळत घालतात ना, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टाकतात. एकटा टाकला की पडला खाली."

मॅडमना एवढं हसू आलं की चहा उतू गेला. "राहू दे तसंच, अमूला कळेल," म्हणाल्या. पण मला राहू द्यायचं नव्हतं. कोपरची आजी चुकत नसेल. मी तो बट काढला. इफ आणि देन मात्र जोडीने येतात म्हटल्यावर मला भारी आवडले. बर्फवाला बाबुराव उशिरा आला की भर बाजारात ओरडायचे, "इफ यू लेट, देन आय किल यू!" तो बिचारा हात जोडायचा.

रविवारी फोन आला. त्यांच्याकडे संध्याकाळ होती. मी चिरागला म्हटलं, "फोन पोरीच्या हातात दे, आणि तू तोंड मिटून बस." तो बाजूला बसला. समोर अमू. पुढचे दोन दात पडलेले, केस ओले, डोळे थेट माझ्या नवऱ्याचे. मी पाठ केलेलं सगळं विसरले. ती म्हणाली, "हाय आजी," आणि तिची नजर लगेच दुसरीकडे वळली.

पाठ फिरवून निघालेलं गिऱ्हाईक मी ओळखते. त्याला गयावया करून बोलवायचं नसतं, ते आणखी भराभर चालायला लागतं. त्याला म्हणायचं असतं, घेऊ नको, पण बघून तर जा. आम्ही कोळणी हेच करत आलोय.

मी म्हटलं, "अमू, डोन्ट कम."

चिराग चपापला. अमूने मान वळवली.

"डोन्ट कम. ओके. बट लुक." आणि मी फोन टोपात धरला. सकाळीच आणलेली जिवंत चिंबोरी होती, चांगली थोराड. नांग्या उगारून ती तिरकी तिरकी पळाली.

"व्होआ!" अमूचं नाक स्क्रीनला टेकलं. "डझ इट बाइट?"

"इफ यू पुट फिंगर, देन इट बाइट. बट इफ यू होल्ड फ्रॉम बॅक, देन नो बाइट." आणि मी मागून धरून दाखवली. ती खिदळली. खरंच खिदळली, माझ्यामुळे! मग विचारत सुटली. नाव काय, खाते काय, झोपते कुठे. मी उत्तरं देत होते, तोडकीमोडकी, पण माझी. चिराग आ वासून बघत होता.

आणि मग तिने स्क्रीनवरून नाक काढलं. थोडा विचार केला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आजी, इफ आय कम, अँड इफ आय डोन्ट लाइक इट, देन कॅन आय गो होम?"

चिराग झटकन पुढे झाला. "आई, ती म्हणतेय, तिला यायचंय! ऐकलंस ना? यायचंय तिला!"

एवढी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, की माझं बोलणं तू कापतोस. तो काय कापत होता ते आत्ता कळलं. माझ्या लेकराने मला लागू नये म्हणून सगळे इफ आणि बट स्वतःकडे ठेवून घेतले होते. नाही आवडलं तर घरी जाऊ का, असं विचारत होती पोर. घर म्हणजे तिकडचं. मी जिथे बसले होते ते नाही. तिच्या प्रश्नातला एक शब्दही मला कोणी सांगायला लागला नाही. वाटलं, कशाला शिकले.

"चिराग, गप रे. मला कळलं," मी म्हटलं.

अमू वाट बघत होती. तिला खोटं सांगता आलं असतं. यू विल लाइक, म्हटलं असतं. गिऱ्हाइकाला म्हणतेच मी रोज.

"यस," मी म्हटलं. "इफ यू डोन्ट लाइक, देन यू गो होम. आय विल नॉट क्राय अनटिल यू गो."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "ओके. देन आय विल कम."