लेण्यांना जाणारी रविवारची गाडी

या देशाच्या प्राचीन वारशावर प्रत्येक माणसाचा, मग तो पायांवर चालणारा असो वा चाकांवर, सारखाच हक्क आहे, हा उदात्त विचार पेणच्या दिनानाथ म्हात्र्यांना एका गुरुवारी संध्याकाळी चहात खारी बुडवताना सुचला. त्यांची थोरली मुलगी प्रतिक्षा हायवेवर स्कूटरवरून पडली आणि व्हीलचेअरवर बसली, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या वर्षांत तिला वारसा तर सोडाच, पेणचा बाजारही कुणी दाखवला नव्हता.

"लेणी बघून ये," दिनानाथ म्हणाले. "दोन हजार वर्षांची हायत. आणि मग रोह्याला नदीत बोटीतून फेरी. व्हीलचेअरवाल्यांसाठी खास गाडी निघते रविवारी. मी तुझं नाव देऊन आलोय."

प्रतिक्षाने हातातला फोन खाली ठेवला. घरच्या पोह्याच्या पापडांच्या ऑर्डरी तीच घ्यायची. गिऱ्हाइकाने सुरुवातीलाच पापडांची तोंडभरून स्तुती केली की पुढे तक्रार येणार, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. वडिलांचा आवाज आज तसा होता.

"रविवारीच का?"

"गाडी रविवारचीच असते."

"मग आई पडदे का धुतेय?"

मागच्या दारातून आईचा, सगुणाबाईंचा, आवाज आला. "पडदे धुवायचे नायत का माणसाने?"

"धुवावेत. गणपतीला धुतलेत, म्हणून विचारलं."

धाकटी सुरभी, जिला घरात सगळे पिंकी म्हणत, कोपऱ्यात बसून नखं घासत होती. एरवी घरातल्या कुठल्याही वाक्यात आपलं अर्धं वाक्य घालणारी पिंकी आज मान वर करत नव्हती. पडद्यांपेक्षा प्रतिक्षाला याचाच संशय जास्त आला.

कारण असं, की गेल्या वर्षी पिंकीला बघायला अलिबागकडची माणसं आली होती. प्रतिक्षाला मागच्या खोलीत बसवून दार लावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत पडायच्या बेतात होती आणि प्रतिक्षाला शिंक आली. "आत कोण हाय?" पाहुण्यांनी विचारलं. सगुणाबाई म्हणाल्या, "भाडेकरू." स्वयंपाकघरातून वाट असलेल्या खोलीत भाडेकरू कसा, हे पाहुण्यांनी विचारलं नाही, त्यांनी नंतर फोनच केला नाही. मग लग्न जुळवणाऱ्या महिपतीकाकांनी म्हात्र्यांना समजावलं, "लोक तोंडावर बोलत नाय, दिनानाथ. पण मनात येतं, रक्तात असंल. आणि म्हातारपणी हिचं कोण करणार? जावईच ना?" स्कूटर रक्तात नसते, हे प्रतिक्षाने दाराआडून सांगून पाहिलं होतं. तिचा आवाज ऐकून महिपतीकाका जरा दचकले होते.

रविवारी सकाळी सगुणाबाईंनी तिला नवा ड्रेस घातला, केस विंचरले, डब्यात गुळाचे घावन भरले. इतकी माया अंगावर घेऊन बसणं प्रतिक्षाला जड जात होतं.

"आई, आज कोण येतंय?"

"कोण नाय गो. महिपतीकाका येतील चहाला."

"एकटेच?"

"तू लेणी बघ ना. आमच्याकडं काय बघतेस?"

दारात पांढरी गाडी आली. तिच्यावर 'सुगम दर्शन' असं लिहिलं होतं. मालक आणि ड्रायव्हर एकच, प्रविण नावाचा हसरा माणूस. त्याने मागचं दार उघडून लोखंडी उतार खाली सोडला, खुर्ची आत घेतली, चाकं पट्ट्यांनी बांधली. व्यवस्था खरोखर चोख होती. गाडी वळणावर आली तेव्हा प्रतिक्षाने मागे पाहिलं. तिची खुर्ची उंबऱ्यावरून जावी म्हणून दारात कायम टाकलेली फळी दिनानाथ काखेत मारून आत नेत होते. शेजाऱ्यांकडून आणलेली वस्तू परत द्यायला निघावं, तसे.

गाडीत आधीच एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. काठापदराचं लुगडं, केसात अबोली. मागे आणखी दोघं जण होते, कुबड्या मांडीवर घेऊन. दोघंही ठेवणीतल्या कपड्यांत आणि दोघंही गप्प.

"पयल्यांदा येतंस?" म्हातारीने विचारलं. तिचं नाव सरू. धरमतरच्या खाडीकडची. आयुष्यभर मिठागरात राबून तिचे गुडघे गेले होते.

"हो आजी. तुम्ही?"

"चौथ्यांदा."

"लेणी इतकी आवडतात?"

"लेनी कसली गो," सरूआजी म्हणाली. "मना चार नाती हायत. तिघींची जमली. आज चौथीला बघाया येतान. तुज्याकडं कोनाची हाय?"

प्रतिक्षा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बहिणीची."

"मोठी का बारकी?"

"बारकी."

"जमंल," आजी म्हणाली. "ही गाडी लय गुनाची हाय. हिच्यात बसलं की जमतं."

आरशातून प्रविण ऐकत होता. "पावसाळ्यात गाडी उभीच असते," त्याने आपणहून माहिती पुरवली. "तुळशीचं लग्न लागलं की भरायला लागते."

"लेण्यांचा आणि तुळशीच्या लग्नाचा काय संबंध?" प्रतिक्षाने विचारलं.

प्रविणने गिअर बदलला. "खरं सांगू ताई? माझी आई व्हीलचेअरवर होती, तिच्यासाठी गाडी केली. ती गेल्यावर म्हटलं, दुसऱ्यांना फिरवू. वर्षभर एक माणूस आला नाय. मग महिपतीकाका भेटले."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, गाडीत काय नाय बदलायचं. फक्त संध्याकाळी सहाच्या आत कुणाला घरी सोडू नको."

नागोठणं गेलं, निडी गेलं. रोह्यात नदीकडच्या एका गल्लीच्या तोंडाशी हरेश चढला. मोबाइल दुरुस्तीचं काम करणारा, प्रतिक्षाच्याच वयाचा. खुर्ची ढकलत आणणाऱ्या शेजाऱ्याने त्याला आत लोटलं आणि टपाल पेटीत पडल्याची खात्री झाल्यासारखा हात झटकला.

"तुमच्याकडे कोणाची?" प्रतिक्षाने विचारलं. गाडीतली ही विचारपूस एव्हाना तिलाही सवयीची झाली होती.

"धाकट्या भावाची, आदर्शची. तो कंपनीत आहे, शिफ्टला. सुट्टी एकच. म्हणून सकाळी आमच्याकडचे मुलगी बघायला गेलेत आणि संध्याकाळी मुलीकडचे त्यांच्यासोबतच आमचं घर बघायला येणार. एका दिवसात दोन्ही उरकायचं."

"कुठं गेलेत मुलगी बघायला?"

"पेणला. पापडवाले आहेत म्हणे. मुलगी एकुलती."

गाडीची पट्टी प्रतिक्षाच्या खुर्चीला घट्ट होती, तरी तिने चाकं दोन्ही हातांनी धरली. "आणि तुमच्या भावाबद्दल काय सांगितलंय त्यांना?"

"तोही एकुलता," हरेश शांतपणे म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "तुम्ही एवढं का विचारताय? त्यांनी तुम्हाला चौकशीला पाठवलंय का?"

"मला वाटलं, तुम्हाला माझ्या चौकशीला पाठवलंय."

"तुमची कसली चौकशी?"

"मी त्या एकुलतीची बहीण आहे," प्रतिक्षा म्हणाली.

हरेशने विश्वास ठेवला नाही. तिने फोनमधला पिंकीचा फोटो दाखवला. त्याने आपल्या फोनमधला तोच फोटो, महिपतीकाकांनी पाठवलेला, दाखवला. त्याच्या फोनमध्ये पिंकीच्या खांद्यावर एक हात होता आणि हातामागचा माणूस कापलेला होता. तो हात प्रतिक्षाने ओळखला. तिचाच होता.

लेण्यांच्या डोंगरापाशी गाडी थांबली आणि सुगमता तिथेच संपली. वर पायऱ्या होत्या. प्रविणने गाडीतून एक दुर्बीण काढली आणि सगळ्यांना आळीपाळीने दिली.

"तो काला ठिपका दिसतो ना, ते दार," सरूआजीने चौथ्या भेटीच्या अधिकाराने सांगितलं. "आत काय हाय ते मना नाय म्हायत."

दोन हजार वर्षांपूर्वी माणसं घरदार सोडून आपणहून डोंगरात येऊन राहत. आता त्यांना आणून सोडावं लागतं, असा विचार प्रतिक्षाच्या मनात आला आणि तिने दुर्बीण पुढे दिली.

"तुमचं घर नदीला लागून आहे?" तिने हरेशला विचारलं.

"मागची पडवी नदीवरच आहे. पाहुण्यांना तिथंच बसवतात. नदी दाखवली की घर मोठं वाटतं."

"आणि आपली बोट?"

हरेशने प्रविणकडे पाहिलं. प्रविण घावन खात होता, तो थांबला. "मी पलीकडच्या काठाने नेतो नेहमी."

"आज अलीकडच्या काठाने न्या."

"ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नका. काकांनी बजावलंय, सहाच्या आत घरी सोडायचं नाय."

"घरी कुठं सोडताय? बोटीतून उतरणारच नाही आम्ही. तुमच्या जाहिरातीत काय आहे? नदीकाठची जुनी घरं दाखवणार. दाखवा."

"दाखव रं," सरूआजी म्हणाली. "चार येला आलंय. येक घर नाय दाखवलंस."

म्हणून ऊन उतरताना कुंडलिकेतून एक सपाट बोट, तिच्यावर तीन व्हीलचेअर आणि दोन गप्प माणसं घेऊन, नेहमीचा काठ सोडून निघाली. सगळा वेळ प्रतिक्षाला एकच शंका खात होती: आपल्याला बघून पिंकी तोंड फिरवेल. आईचं, बाबांचं तिला एवढं वाटत नव्हतं. पिंकीने तोंड फिरवलं, तर मात्र आपण खरोखरच त्या घरात भाडेकरू.

पडवीत दोन्ही घरं मांडून बसली होती. दिनानाथ, सगुणाबाई, जांभळ्या साडीत पिंकी; समोर आदर्श आणि त्याची आई अनिताबाई; मधे महिपतीकाका, हातात म्हात्र्यांचाच पापड. बोट सगळ्यांत आधी त्यांनाच दिसली. ते ताडकन उठले.

"चला, पुढची बाग बघू."

"पुढं बाग नाय," आदर्श म्हणाला. तो कंपनीत तपासणी विभागात होता.

बोट घाटाच्या पायऱ्यांना टेकली. प्रविणने इंजिन बंद केलं आणि तो उगाचच दोर सोडवू लागला.

"बाबा," प्रतिक्षा ऑर्डर घेण्याच्या आवाजात म्हणाली, "लेणी लांबून छान दिसतात."

"ही कोण?" अनिताबाईंनी विचारलं. त्याच क्षणी सगुणाबाईंनी हरेशकडे बघून विचारलं, "हा कोण?"

"पर्यटक हायत," महिपतीकाका म्हणाले. "या दिवसांत फार येतात."

"आई," हरेशने हाक मारली, "पाहुण्यांना माझी खोली दाखवलीस?"

अनिताबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. मघाशीच त्यांनी एका कुलूपबंद दाराकडे बोट करून 'अडगळ' असं सांगितलं होतं आणि दिनानाथांनी 'आमच्याकडे पण आहे' अशी मान डोलावली होती.

फसवलं, असं म्हणायला दोन्ही घरांनी तोंड उघडलं, आणि दोन्ही घरांनी मिटलं.

मग पिंकी उठली. साडीच्या निऱ्या हातात धरून घाटाच्या पायऱ्या उतरत ती आली. प्रतिक्षाने तिच्याकडे संशयाने पाहिलं. ताई, जा ना गो, एवढंच ती म्हणेल, आणि आपल्याला जावं लागेल. पिंकी शेवटच्या पायरीवर थांबली. पाणी तिच्या पावलांवर आलं. ती पडवीकडे वळली.

"ही माझी ताई. सकाळी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी एकटीच म्हटलं. खोटं बोलले मी. हिला कधी पण या घरात येता आलं पायजे. ते जमणार नसंल तर मला नाय यायचं इथं."

मग आदर्श खाली आला. तो पिंकीकडे न बघता आधी भावाकडे गेला. "दादा, तू मला एकदा बोलायचं होतंस."

"काय बोलायचं होतं?" हरेशने विचारलं. "की मी आहे?"

आदर्श पायरीवर बसला.

"चा उरलाय का?" सरूआजीने वर बघून विचारलं. "उरला आसंल तर हितं धाडा. आमाला पायऱ्या चढता येत नाय."

चहा बोटीत आला. अनिताबाईंनी स्वतः आणला. हरेशच्या कपात साखर कमी घालायची असते, हे त्यांना आठवत होतं.

लग्न ठरलं. दोन्ही घरांकडे एकमेकांना टाकायला कारण उरलं नव्हतं. महिपतीकाका आता सांगत फिरतात की हे सगळं त्यांनी मुद्दामच जुळवून आणलं होतं; आणि दिनानाथ चारचौघांत वारशावरच्या हक्काचं ते वाक्य पुन्हा म्हणतात, पूर्वीपेक्षा मोठ्याने. ताई आणि हरेशदादा स्टेजवर आपल्या शेजारी बसतील, एवढी एकच अट पिंकीने घातली. हॉलच्या स्टेजला पायऱ्या होत्या. तेव्हा तिने प्रविणला फोन करून गाडीचा लोखंडी उतार एका दिवसासाठी मागितला. तो नाही म्हणाला. लग्नादिवशी दिनानाथ घरच्या उंबऱ्याची फळी काखेत घेऊन आले; कुणी काही विचारायच्या आत त्यांनी ती स्टेजला लावून पाहिली. ती पुरली नाही.

म्हणून नवरा-नवरी खाली बसली, ताई आणि दादाच्या मधे, आणि फुलांनी मढवलेलं स्टेज दिवसभर रिकामं राहिलं. फोटोग्राफरने मागचं डेकोरेशन येत नाही म्हणून कुरकूर केली. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जग बदलतंय, असं बऱ्याच जणांनी जेवताना बोलून दाखवलं.

प्रविणची गाडी तेव्हा लेण्यांना गेली होती. त्या दिवशी मुहूर्त मोठा होता, आणि गाडी फुल होती.